चौदा फुटी होडीवर घरी बांधलेलं लपण: बदकांच्या हंगामाआधी

तळ्याकाठी (मिनेसोटा), १४ सप्टेंबर

मंडळी, गेल्या वर्षी मी माझ्या होडीवर बदकांच्या शिकारीसाठी दडून बसायचा आडोसा, म्हणजे ब्लाइंड, बांधला आणि दुसऱ्याच आठवड्यात तो उतरवावा लागला. यंदा पहिल्यापासून नवा बांधलाय. यावर व्हिडिओ ढिगाने सापडतात, पण त्यांत सगळं लक्ष गवतावर आणि रंगावर असतं. त्या सांगाड्याने होडीचं काय होतं, हे कुणी बोलत नाही. म्हणून हा धागा. इथे अमेरिका-कॅनडातले दोघेतिघे शिकारीला जातात हे मला ठाऊक आहे. भारतात होडीतून पक्ष्यांचे फोटो काढणारे तर बरेच आहेत. सांगाडा त्यांनाही उपयोगी पडावा.

एक गोष्ट आधीच सांगतो. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती तशीच राहावी असं मला मनापासून वाटतं. मी लिहितोय ते इथलं, मिनेसोटातलं. इथे परवाना लागतो, बंदूक हाताळण्याचं प्रशिक्षण लागतं, वर सरकारी डक स्टॅम्प, म्हणजे दरवर्षी विकत घ्यायचं तिकीट, लागतो. आमच्या पट्ट्यात दिवसाला ६ बदकांची मर्यादा आहे, तीही जातीनुसार आणखी कमी होते.

ब्लाइंड म्हणजे आपल्या जुन्या शब्दात लपण. बदक वरून येतं, एकदा घिरटी घालतं, मग दुसरी, आणि त्या दुसऱ्या घिरटीत सगळं बघून घेतं. वरून त्याला तुमचा रंग दिसायच्या आधी होडीचा चौकोन दिसतो, आत काळीकुट्ट सावली दिसते, आणि मान वर करून बघणाऱ्या माणसाचा पांढुरका चेहरा दिसतो. लपणाचं काम या तीन गोष्टी मोडायचं. बाकीची सजावट नंतर.

आता गेल्या वर्षी काय झालं ते. माझी होडी सपाट बुडाची, ॲल्युमिनियमची, १४ फुटी. मी दुकानातून २ बाय २ची लाकडं आणली, प्लायवूडच्या बाजू केल्या, वरून गोणपाट ठोकलं. दिसायला इतकं सुंदर झालं की बायकोने फोटो काढून घरी पाठवले. ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता, रात्रभर पाऊस झालेला. माझ्याबरोबर शेजारचे आजोबा होते. ही सगळी विद्या मी त्यांच्याकडूनच शिकलो. सुटलेला एक डेकॉय, म्हणजे नकली बदक, उचलायला ते उजवीकडे वाकले, त्यांच्या मागोमाग कुत्राही त्याच बाजूला गेला, आणि होडीचा काठ पाण्याला टेकला. टेकला म्हणजे पाणी आत आलं. एका सेकंदात दोनेक बादल्या. मी डावीकडे अंग टाकलं म्हणून निभावलं. तिथे पाणी आठ फूट खोल होतं आणि आम्ही दोघंही वेडर घातलेले, म्हणजे छातीपर्यंतची रबरी विजार.

घरी येऊन सगळं उतरवलं आणि न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर तुकड्या-तुकड्याने तोललं. ओलं झालेलं ते लपण १३१ पौंड भरलं, आणि त्यातलं बरंचसं वजन काठाच्या वर. गोणपाट पाणी कसं पितं हे ज्याने भिजलेलं पोतं उचललंय त्याला सांगायला नको. मला ते ठाऊक असूनही बांधताना आठवलं नाही.

यंदा हत्यार हातात घेण्याआधी कागद घेतला. होडीच्या मागच्या बाजूला आत एक पत्र्याची पट्टी असते, कपॅसिटी प्लेट. माझ्या होडीवर लिहिलंय, माणसं, मोटर आणि सामान मिळून ६८० पौंड. मग हिशोब मांडला. आम्ही दोघे ३६० पौंड. कुत्रा ६५. मोटर ८५. टाकीसकट पेट्रोल ३०. दोन डझन डेकॉय, त्यांच्या दोऱ्या आणि शिशाची वजनं मिळून ४०. बंदुका आणि काडतुसं १५. दोन नांगर आणि ढकलायची काठी २०. झाले ६१५. उरले ६५ पौंड. म्हणजे माझं लपण भिजल्यावरसुद्धा ६५च्या आत बसलं पाहिजे, आणि त्यातलं जड असेल ते खाली राहिलं पाहिजे. बाकी सगळं या आकड्यावरून ठरलं.

सांगाडा इलेक्ट्रिशियन वापरतात त्या अर्ध्या इंची लोखंडी कंड्युट नळीचा. दहा फुटी नळी साधारण ३ पौंड भरते. अशा नऊ नळ्या लागल्या. बाजूंना प्रत्येकी दोन चौकटी, ५ फूट लांब आणि २६ इंच उंच. चौकटीची खालची नळी हीच बिजागरी. होडीच्या काठाला पाऊण इंची नळीचे क्लॅम्प बसवले, त्यात अर्धा इंची नळी सैल बसते आणि फिरते. वेगळी बिजागरी घ्यावी लागली नाही, त्यामुळे गंजून अडकायचीही भीती नाही. क्लॅम्पचे बोल्ट स्टेनलेस, पाव इंची, आणि भोकं फक्त काठाच्या वळलेल्या ओठाला पाडलीत. होडीच्या अंगाला एकही भोक पाडू नका, पाण्याच्या रेषेच्या वर असलं तरी. प्रत्येक क्लॅम्पखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घातलाय. त्याने दोन कामं होतात. नळीवरचा जस्ताचा मुलामा झिजून उघडं लोखंड ओलाव्यात ॲल्युमिनियमला लागलं की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, ते टळतं. आणि खडखड थांबते. पहाटे पाण्यावर नळीवर नळी आपटल्याचा आवाज फार लांब जातो.

चौकटी उभ्या केल्या की वरच्या बाजूने किंचित आत कलतात. प्रत्येकीला एक तिरका आधार, आणि तो आधार एका पिनेने अडकवलेला. पिनेला नारिंगी दोरीचा फास आहे. फास ओढला की चौकट बाहेरच्या बाजूला, पाण्याकडे पडते. हातमोजे घालून, डोळे मिटून मी हे वीसेक वेळा केलं. चारही चौकटी पाडून आम्ही दोघं मोकळे व्हायला दहा सेकंद लागतात. हा भाग मी सगळ्यात जास्त वेळ देऊन केला आणि बाकी काही नाही तरी एवढं प्रत्येकाने करावं. वर पक्कं छप्पर नकोच. डोक्यावर दोन हलक्या झडपा आहेत, हाताने ढकलल्या की मागे पडतात.

मोटर चालवताना चौकटी कधीच उभ्या ठेवत नाही. मागच्या दोन चौकटी क्लॅम्पांतून सरकवून काढतो आणि पुढच्या जोडीवर, डेकॉयच्या पिशव्यांवर आडव्या ठेवतो. उभ्या ठेवल्या तर एका बाजूला दहा फूट लांब शीड बांधल्यासारखं होतं आणि वारा होडी नेईल तिकडे जावं लागतं.

सांगाड्याचे फोटो उद्या टाकतो. गवताबद्दल पुढच्या पोस्टमध्ये.

---

रापणकर, १४ सप्टेंबर

तळ्याकाठी, फार चांगलं केलंत लिहिलंत ते. मी मालवणचा. आमच्या घरची होडी उलांडीची, म्हणजे बाजूला लांब दांड्यांवर लाकडी ओंडका बांधलेला असतो ना, तशी. लहानपणी आजा सांगायचा की होडीत उंच बसणारा माणूस हा दोन माणसांएवढा धरायचा. तुमच्या लपणाला तोच हिशोब लागू.

एक सुचवतो. कागदावरचं वजन बरोबर आलं तरी होडी पाण्यात कशी वागते ते वेगळं. सगळं सामान चढवा, ऊन असेल अशा दिवशी कमरेएवढ्या पाण्यात न्या, आणि दोघांनी मुद्दाम एका काठाला जाऊन बसा. काठ पाण्यापासून किती बोटं वर राहतो ते बघा. आमच्याकडे नवी होडी पाण्यात घातली की असंच हलवून बघतात. खाली कमरेएवढं पाणी असलं की भीती नसते आणि हात मोकळे राहतात.

दुसरं, नांगर दोन टाकता ते ठीक. पण नाळेचा, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाचा, नांगर वाऱ्याकडे करून टाका. आडव्या होडीला दोन्ही टोकांना बांधून ठेवली आणि वारा फिरला तर लाट काठावरून आत येते.

---

तळ्याकाठी, १५ सप्टेंबर

रापणकर, आज दुपारीच केलं तुम्ही सांगितलं तसं. घरापासून वीस मिनिटांवर वाळूचा किनारा आहे, तिथे. दोघेही उजव्या काठाला बसलो, शिवाय कुत्र्याला मांडीवर घेतलं. काठ पाण्यापासून चार बोटं वर राहिला. मला सहा बोटं हवी होती. म्हणून बसायच्या उंच फिरत्या खुर्च्या काढल्या आणि त्यांच्या जागी तळापासून १० इंचांवर फळी टाकली. पुन्हा बसलो, सहा बोटं आली. खुर्च्या आराम देत होत्या, पण त्यांच्यामुळे आम्हीच वर जात होतो. हे मला कागदावर दिसलं नसतं. तुमच्या आजोबांना नमस्कार.

आता गवत. इथे तळ्यांच्या कडेने रामबाण माजलेलं असतं, आपल्याकडे काही भागांत पाणकणीस म्हणतात तेच. तपकिरी कणीस, लांब पात्यांचं. पाण्यातली वनस्पती तोडायला इथे नियम आहेत, तेव्हा मी ती आमच्या ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून त्याच्या शेताच्या चरातून आणली. आडव्या नळ्यांवर प्लास्टिकची बागेतली जाळी ताणली. कोंबड्यांची तारेची जाळी घेऊ नका, ती जड असते आणि तिची टोकं हात फाडतात. जाळीत पात्यांच्या मुठी सुतळीने बांधल्या. मूठ मधोमध दुमडायची, दुमड जाळीतून आत घ्यायची, आणि दोन्ही शेपट्या तिच्यातूनच बाहेर ओढायच्या. दावणीला गुरं बांधताना घालतात तसलाच फास. सुटत नाही, आणि एक मूठ खराब झाली तर तेवढीच बदलता येते.

दोन गोष्टी करताना कळल्या. पहिली, मुठी सारख्या अंतरावर आणि सारख्या उंचीच्या बांधल्या तर ते कुंपण दिसतं. काही पाती काठाच्या वर फूटभर जाऊ द्या, काही वाकवा, मध्ये पातळ जागा सोडा. चौकटीचे चारही कोपरे सगळ्यात दाट झाका, कारण निसर्गात काटकोन नसतो आणि बदकाची नजर तिथेच अडते. दुसरी, होडीच्या तळावरही सुकं गवत पसरा. बाजू कितीही छान झाल्या तरी वरून आत काळा खड्डा दिसला तर सगळं वाया.

होडी मूळची चकचकीत होती. ती घासून, ॲल्युमिनियमला धरणारा एचिंग प्रायमर मारून, वर चकाकी नसलेला मातकट रंग दिला. प्रायमर टाळलात तर एका हंगामात पापुद्रे निघतात.

एकूण वजन कोरडं ५२ पौंड. पाईप लावून सगळं भिजवलं, निथळू दिलं, पुन्हा तोललं. ६० पौंड.

---

लाकूडतोड्या (न्यू जर्सी), १५ सप्टेंबर

कंड्युटऐवजी पीव्हीसी का नाही? आणखी हलकं पडतं, कापायला करवत पुरते, कोपऱ्यांना तयार जोड मिळतात. मी घरामागच्या बागेत टोमॅटोचा मांडव पीव्हीसीचाच केलाय, चार वर्षं उभा आहे.

---

तळ्याकाठी, १५ सप्टेंबर

बागेत चालेल, दादा. पीव्हीसी थंडीत ठिसूळ होतं. नोव्हेंबरात पहाटे इथे शून्याखाली दहा अंश असतं. गेल्या वर्षी डेकॉयचं स्टँड पीव्हीसीचं होतं, ते बुटाच्या ठोकरीने काचेसारखं फुटलं. त्याची धार सुरीसारखी असते. शिवाय लांब पीव्हीसी गवताच्या भाराने मध्ये झोळ खातं, मग मध्ये आणखी उभे तुकडे घालावे लागतात आणि हलकेपणा जातो. सप्टेंबरातच शिकार करून थांबणाऱ्याने वापरायला हरकत नाही.

---

शेवंती, १६ सप्टेंबर

मी हा धागा दोन दिवस वाचतेय. तुम्ही मेहनत घेतलीय हे दिसतं. तरी लिहिल्याशिवाय राहवत नाही. इतकी कारागिरी, इतका विचार, आणि शेवटी त्या जिवाला फसवून जवळ बोलवायचं आणि मारायचं. भरतपूरला मी तो दगड पाहिलाय ज्यावर शिकारींचे आकडे कोरलेत. १२ नोव्हेंबर १९३८ला व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४२७३ पक्षी मारले. तो आकडा वाचून मी बराच वेळ तिथून हलले नव्हते. तुम्ही सहाच मारता, मान्य. पण मारायचं कशाला, जेव्हा बघूनही आनंद मिळतो?

---

तळ्याकाठी, १६ सप्टेंबर

शेवंतीताई, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. प्रश्न खरा आहे आणि त्याला मी पळवाट काढणार नाही.

भरतपूरच्या त्या आकड्याची मलाही लाज वाटते. असंच इथेही झालं होतं. बाजारात विकण्यासाठी शिकार होत होती, पाणथळी बुजवून शेतं केली जात होती. १९१८ला स्थलांतरी पक्ष्यांचा कायदा आला, १९३४ला डक स्टॅम्प. १६ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येक बदक शिकाऱ्याला तो दरवर्षी घ्यावा लागतो, आज २५ डॉलर. त्या पैशातले डॉलरमागे ९८ सेंट पाणथळ जागा विकत घेण्यात आणि राखण्यात जातात. मी ज्या तळ्यावर जातो त्याच्या शेजारचा राखीव भाग अशाच पैशातून झालाय, आणि तिथे शिकार न करणारे लोकही पक्षी बघायला येतात. शिशाचे छर्रे पाण्याच्या तळाशी पडायचे आणि ते खाऊन बदकं विषबाधेने मरायची. १९९१पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीला शिसं देशभर बंद आहे. माझे छर्रे पोलादी असतात.

हे सगळं सांगूनही जीव घेतो हे खरंच राहतं. मी मांसाहारी आहे. दुकानातल्या कोंबडीचं मरण मी कधी पाहिलं नाही, बदकाचं पाहतो. पिसं मीच काढतो, छर्रे बोटांनी चाचपून मीच वेचतो, आणि आईच्या मसाल्यात शिजवतो. वर्षाला पंधरा-वीस बदकं होतात. जखमी होऊन निसटलेलं एखादं असतं, ते मला रात्री आठवतं. चांगल्या लपणाचा एक उपयोग हाही की पक्षी जवळ येतो, नेम अचूक लागतो आणि जखमी होऊन जाणारे कमी होतात. तुमचं मन वळवायला लिहीत नाहीये. विचारलंत म्हणून सांगितलं.

---

शेवंती, १६ सप्टेंबर

पाणथळ वाचते हे मला ठाऊक नव्हतं, ते चांगलंच आहे. माझं मत बदललेलं नाही. पण उत्तर नीट दिलंत त्याबद्दल आभार.

---

उजनीकाठ, १७ सप्टेंबर

मी भिगवणजवळ पक्षी दाखवतो. तुमचं लपण फोटोग्राफीच्या होडीला वापरायचा विचार डोक्यात घोळतोय. आमच्याकडे होड्या लांबट, काठीने ढकलायच्या. थंडीत थापट्या, तलवार बदक, चक्रवाक, पट्टकदंब सगळे येतात. हल्ली होड्या सरळ थव्याच्या अंगावर जातात, पाहुण्यांना उडण्याचे फोटो हवे असतात म्हणून. पक्षी दिवसातून वीस वेळा उठतात. हे मला बघवत नाही. एका जागी थांबून राहणारी, झाकलेली होडी केली तर पाहुणेही शिकतील. काय बदल करावे लागतील? आणि तुमच्याकडे तलवार बदक येतं का?

---

तळ्याकाठी, १७ सप्टेंबर

येतं ना! इथे पिनटेल म्हणतात. अगदी तेच, तपकिरी डोकं, गळ्याच्या बाजूने वर चढलेली पांढरी रेघ, आणि लांब टोकदार शेपूट. थापट्याही तोच, फावड्यासारख्या चोचीचा. तुमचे तिकडे सैबेरियाच्या बाजूने येतात, आमचे कॅनडाकडून. पहिल्यांदा इथे पिनटेल पाण्यावर उतरलेलं पाहिलं तेव्हा मला भिगवणची आठवण होऊन बंदूक उचलायची राहूनच गेली होती.

तुमच्यासाठी बदल सांगतो. उंची कमी करा. बसल्यावर लेन्स काठाच्या थोडीच वर राहिली तर फोटोही चांगले येतात आणि होडीही स्थिर राहते. झडपांची गरज नाही, वर फक्त पातळ जाळी. लेन्ससाठी खिडकी मोठी ठेवू नका, जाळीला आडवी चीर द्या आणि तिच्यावर गवताची झालर सोडा. रामबाण किंवा तिथलीच बेशरमीची वाळलेली फांदी वापरा, ज्या काठावर थांबणार तिथलीच. भल्या पहाटे, पक्षी यायच्या आधी जाऊन थांबा. बसलेल्या थव्याकडे झाकलेली होडी सरकवत नेणं हेही त्यांना उठवणंच आहे. आणि घरट्यांच्या दिवसांत लपण घेऊन जाऊ नका.

लाइफ जॅकेट मात्र पाहुण्यांना सक्तीने. झाकलेल्या होडीतून बाहेर पडायला जास्त वेळ लागतो.

---

उजनीकाठ, १७ सप्टेंबर

समजलं. माझ्या मेव्हण्याची जुनी होडी रिकामी आहे. तिच्यावर बांबूचा सांगाडा करून बघतो. कंड्युटपेक्षा बांबू मला हाताशी आहे आणि पाण्यात पडला तर तरंगतो.

---

रापणकर, १७ सप्टेंबर

बांबू उत्तमच. फक्त हिरवा घेऊ नका, सुकला की बांधण्या सैल होतात.

---

नवी_दुर्बीण (विस्कॉन्सिन), २० सप्टेंबर

मी यंदा पहिल्यांदा जाणार आहे, ऑफिसातल्या मित्राच्या होडीतून. त्याच्या ब्लाइंडला चारही बाजू बंद आणि वर ताडपत्री आहे. तो आत छोटा प्रोपेन हीटर लावतो. मस्त ऊब येते म्हणतो. हे ठीक आहे का?

---

तळ्याकाठी, २० सप्टेंबर

नाही. कृपा करून नाही म्हणा त्याला.

बंद जागेत प्रोपेन जळला की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो. डोकं जड होतं, झोप येते, आणि माणसाला वाटतं की पहाटे उठल्यामुळे येतेय. त्यात तुमच्याभोवती सुकं गवत आणि सुतळी. एक ठिणगी, आणि बाहेर पडायला बर्फासारखं पाणी. मी ऊब मिळवायला लोकरीचे दोन थर घालतो, थर्मासमध्ये आल्याचा चहा नेतो आणि दर अर्ध्या तासाने पायाची बोटं हलवतो. थंडी सोसवेनाशी झाली की घरी जातो.

आणखी एक. शेजारच्या आजोबांचे वडील ११ नोव्हेंबर १९४०ला मिसिसिपीवर बदकांना गेले होते. तो दिवस इथल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून आहे. सकाळी हवा इतकी उबदार की लोक पातळ कोट घालून गेले. वादळाच्या पुढे पळणारी बदकं झुंडीने येत होती, त्यामुळे कुणी निघायला तयार होईना. दुपारी वारा फिरला, पारा कोसळला, पावसाचं बर्फ झालं आणि नदीवर लाटा उसळल्या. छोट्या होड्या परतू शकल्या नाहीत. मिनेसोटात ४९ माणसं गेली, त्यांतली निम्म्याच्या आसपास बदकांचे शिकारी. आजोबांचे वडील वाचले, कारण त्यांनी होडी बेटावर ओढून उलटी केली आणि रात्रभर तिच्याखाली कुत्र्याला कवटाळून बसले. आजोबा मला हे सांगतात तेव्हा प्रत्येक वेळी एवढंच म्हणतात, बदकं अचानक फार येऊ लागली तर आभाळाकडे बघ.

नोव्हेंबरातल्या पाण्यात पडल्यावर पहिलं मिनिट श्वास आवरण्यात जातं. पुढची साधारण दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात. थंडीने शुद्ध जायला अजून वेळ असतो, पण बोटं वळत नसतील तर होडी धरता येत नाही. म्हणून जॅकेट अंगावर हवं, फळीखाली नको. मित्राला ताडपत्री काढायला लावा आणि बाजू सुटतात का ते विचारा. सुटत नसतील तर या वर्षी काठावर बसून शिकार करा.

---

नवी_दुर्बीण, २१ सप्टेंबर

बोललो त्याच्याशी. आधी हसला, पण तुमची पोस्ट वाचून दाखवल्यावर गप्प झाला. हीटर नेणार नाही म्हणाला. या शनिवारी आम्ही दोघं मिळून बाजूंना पिना बसवतोय. आधाराच्या नळीचा कोन किती ठेवलात?

---

तळ्याकाठी, २१ सप्टेंबर

फार आनंद झाला! कोन मोजला नाही. चौकट हवी तितकी कलती धरून मग नळी कापली. माझी नळी १९ इंच आली. पिनेचं भोक पिनेपेक्षा थोडं मोठंच पाडा, बर्फ धरलं तरी पिन निघायला हवी.

---

तळ्याकाठी, १९ ऑक्टोबर

काल नव्या लपणात चौथी सकाळ झाली, म्हणून कळवतो.

सूर्योदयाच्या दोन तास आधी धक्का सोडला. नाळेवरचा लाल-हिरवा आणि मागचा पांढरा दिवा गवताने झाकला जात नाही ना, हे आधी काठावर उभं राहून तपासलं. अंधारात दुसऱ्या होडीला आपण दिसलो पाहिजे. मोटरच्या किल स्विचची दोरी मनगटाला, म्हणजे माणूस पडला तर मोटर बंद होते. रामबाणात शिरलो, मोटर बंद केली, नाळेचा नांगर वाऱ्याकडे टाकला, रापणकरांना आठवून. चौकटी उभ्या करायला आठ मिनिटं लागली.

उजाडायच्या सुमारास दव गोठलं. आजूबाजूचं सगळं रामबाण पांढरं झालं आणि आमचं लपणही त्याच्यासारखंच पांढरं झालं, कारण पाती तीच. गेल्या वर्षीचं गोणपाट अशा वेळी काळं राहायचं. चार मॅलार्ड आले, एक घिरटी, दुसरी घिरटी, आणि दुसऱ्या घिरटीत पाय खाली सोडले. वीस यार्डांवर. आजोबांनी डावीकडचा घेतला, मी उजवीकडचा. आमचं आधीच ठरलेलं असतं, ज्याने त्याने आपल्याच बाजूला बंदूक फिरवायची आणि बसूनच चालवायची. कुणी उभं राहायचं नाही. दोन्ही नर होते. दोन्ही पाण्यावर पडले तेव्हा हलत नव्हते. कुत्र्याने आणले. त्याच्यासाठी मागच्या बाजूला शिडीसारखी एक फळी लावलीय, त्यामुळे तो आता काठावरून चढत नाही आणि होडी झुकत नाही.

एकूण तीन मिळाली. साडेनऊला वारा वाढला, पाण्यावर पांढरे तुरे दिसायला लागले, तेव्हा चौकटी पाडल्या आणि निघालो. अजून बदकं येत होती.

एक चूक सापडली. डोक्यावरच्या झडपांच्या खालच्या बाजूला मी गवत लावलं नव्हतं. मागे पडल्या की नळ्या उघड्या दिसतात आणि एकदा त्यावर ऊन चमकलं, तशी पाच टील, म्हणजे छोटी बदकं, वळून गेली. आज रात्री खालच्या बाजूनेही मुठी बांधतोय, आणि नळ्यांना मातकट रंगाची कापडी टेप गुंडाळतोय. वजन दीडेक पौंडाने वाढेल. भिजल्यावर ६२ झालं तरी चालेल, ६५ अजून लांब आहे.

---

उजनीकाठ, २० ऑक्टोबर

आमच्या बांबूच्या होडीला काल पाण्यात घातलं. कमरेएवढ्या पाण्यात, दोघं एका काठाला बसून. पाच बोटं. बसायची फळी खाली घेतोय.